मस्कत–सूर–बिदिया–मस्कत: ओमानची एका दिवसाची गाईडसोबतची सहल, पायरीपायरीने

दर हिवाळ्यात मस्कतमधल्या मराठी घरांत भारतातून पाहुणे येतात. तीन-चार दिवसांचा मुक्काम असतो आणि त्यातला एक दिवस ‘वाळवंट बघायचंय’ म्हणून राखून ठेवलेला असतो. त्या संध्याकाळी उपाशी, भाजलेली आणि गप्प बसलेली माणसं गाडीतून उतरताना मी इतक्यांदा पाहिली आहेत की आता सगळं एकदा नीट लिहून ठेवतो. ठिकाणं उत्तम आहेत, गाईडही बहुतेक वेळा चांगले असतात. घोळ होतो तो क्रमात आणि आदल्या रात्रीच्या तयारीत.

इथे दिलेली फेरी अशी आहे: मस्कतहून समुद्रकिनाऱ्याने कुरियात, बिम्माचा खड्डा, वादी शाब (वादी म्हणजे पावसाळी नदीचं पात्र), सूर, तिथून आत वळून बिदियाची वाळू, आणि बिदबिदवरून परत मस्कत. मस्कत, दक्षिण शर्किया, उत्तर शर्किया आणि दाखिलिया अशा चार प्रांतांतून रस्ता जातो. एकूण साडेपाचशे ते सहाशे किलोमीटर होतात आणि साडेसहा-सात तास गाडीतच जातात. हा आकडा घरातल्या सगळ्यांना आधी सांगा. ‘जरा वाळवंटात जाऊन येऊ’ असं सांगून आजी-आजोबांना गाडीत बसवू नका.

## १. आधी वार आणि महिना ठरवा

ऑक्टोबरअखेर ते मार्चमध्यापर्यंतच ही सहल करा. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा वादीतली पाऊण तासाची चाल धोक्याची होते, वाळूवर पाय ठेवणं तर लांबच.

ओमानमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची. या दोन दिवशी मस्कतमधली निम्मी कुटुंबं शेगड्या आणि मांस घेऊन वादीच्या काठावर येतात. गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी खानावळी बंद असतात. त्यामुळे रविवार ते गुरुवार यांतला दिवस घ्या. शुक्रवारच मोकळा असेल तर ही फेरी सोडून निझवा शहरात जा. तिथला शेळ्या-मेंढ्यांचा बाजार शुक्रवारी सकाळीच भरतो आणि ऊन चढेपर्यंत उठतोही.

रमजानमध्ये येत असाल तर दिवसा उघड्यावर खाणं-पिणं, अगदी पाणीसुद्धा, टाळावं लागतं. लहान मुलं बरोबर असतील तर तो महिना या सहलीसाठी घेऊ नका.

तपासा: निघायच्या आदल्या दोन दिवसांत ओमानच्या हवामान खात्याचा पावसाचा इशारा बघा. इशारा असेल तर तारीख बदला. गाईड ‘काही होत नाही’ म्हणाला तरी बदला.

## २. वादी एकच निवडा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. जाहिरातीत वादी शाब आणि वादी बनी खालिद दोन्ही असतात. दोन्ही एका दिवसात ‘दाखवता’ येतात, हे खरं. पण मग पहिल्या वादीत अर्ध्या वाटेवरून परत फिरावं लागतं आणि दुसरीत पाय बुडवून दहा मिनिटांत निघावं लागतं.

वादी शाब कोणासाठी? ज्यांना दगडधोंड्यांतून पाऊण तास जाणं आणि तितकंच येणं जमेल त्यांच्यासाठी. महामार्गाच्या पुलाखाली गाडी लागते, होडीने पलीकडे जायचं आणि मग चालायचं. शेवटी पाण्याचे डोह लागतात. ते पोहत पार केले की कड्याच्या फटीतून, जेमतेम डोकं मावेल एवढ्या जागेतून, आतल्या गुहेत शिरता येतं. तिथे धबधबा आहे. पोहता येत नसेल तर गुहा विसरा, पण पहिल्या डोहापर्यंतची चाल तरीही करण्यासारखी आहे.

वादी बनी खालिद ज्येष्ठांसाठी आणि लहान मुलांसाठी. गाडीतळापासून फलजच्या, म्हणजे दगडी पाटाच्या, कडेने दहा मिनिटांत हिरव्या पाण्याच्या मोठ्या डोहाशी पोचता. वर्षभर पाणी असतं. शेजारी खानावळ आहे, स्वच्छतागृह आहे.

घरात दोन्ही प्रकारची माणसं असतील तर बनी खालिदच घ्या. तरुण मंडळी कुरकुरतील. पण वादी शाबच्या होडीपाशी सासूबाईंना तीन तास उन्हात बसवून ठेवणं बरं नाही.

## ३. गाडी आणि गाईड ठरवताना हे प्रश्न लेखी विचारा

पहिल्या वर्षी आम्ही फसलो ते इथे. कागदावर ‘फोर बाय फोर’ लिहिलं होतं, सकाळी दारात आली साधी व्हॅन. बिदियाला पोचल्यावर सांगितलं की वाळूत जायचं तर दुसरी गाडी बोलवावी लागेल आणि तिचे पैसे वेगळे. तास गेला, पैसे गेले आणि सूर्यास्त आम्ही पेट्रोल पंपावरून पाहिला. तेव्हापासून मी एवढं संदेशातून लिहून घेतो:

- दारापासून वाळूपर्यंत तीच फोर बाय फोर गाडी असेल का?
- दर गाडीचा की माणशी? गाडीत किती जण? (लँड क्रूझरमध्ये चालक सोडून चार जण नीट बसतात. मागच्या घडीच्या सीटवर सहावा-सातवा माणूस कोंबला तर वाळूत सगळ्यात जास्त उलट्या त्यालाच होतात.)
- गाईडकडे पर्यटन मंत्रालयाचा परवाना आहे का? चालक तोच की वेगळा?
- होडी, जेवण, पाणी यांतलं दरात काय धरलंय?
- पावसामुळे रद्द झालं तर पैसे परत की तारीख बदलून?
- लहान मुलासाठी मुलांची सीट मिळेल का?

उत्तरं गोलमोल आली तर दुसरा गाईड शोधा. मस्कतमध्ये त्यांची वाण नाही.

सावधान: ओमानी रियालचे १००० बैसे होतात, म्हणून किमतीत टिंबानंतर तीन आकडे असतात. २.५०० म्हणजे अडीच रियाल, अडीच हजार नव्हे. उलट बाजूने, ‘फक्त पाच रियाल’ ऐकून पाच रुपयांसारखं सोडून देऊ नका. एक रियाल २.६ अमेरिकी डॉलरचा आहे, म्हणजे आपले दोनशेच्या वर रुपये. घासाघीस करताना मनात रुपये करूनच बोला.

## ४. आदल्या रात्रीची पिशवी

दोन पिशव्या करा. मोठी गाडीत राहील, छोटी पाठीवर जाईल.

पाठीवरच्या पिशवीत माणशी दीड लिटर पाणी, टोपी, पंचा, फोनसाठी पाणी न शिरणारं पाकीट, खजूर किंवा शेंगदाण्याचा लाडू आणि होडीसाठी सुटे रियाल. वादीत कार्ड चालेल या भरवशावर राहू नका.

गाडीतल्या पिशवीत कोरड्या कपड्यांचा एक जोड, रिकाम्या प्लॅस्टिकच्या पिशव्या ओल्या कपड्यांसाठी, एक स्वेटर आणि नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. स्वेटर बघून लोक हसतात. डिसेंबर-जानेवारीत सूर्य बुडाला की वाळू पाहता पाहता गार होते आणि मुलं कुडकुडायला लागतात.

कपडे: वादी म्हणजे गावातल्या लोकांचं पाणी. त्यातूनच पुढे खजुराच्या बागा भिजतात. बाई असो की पुरुष, पोहताना टी-शर्ट आणि गुडघ्याखाली येणारी पँट घाला. पोहण्याच्या तोकड्या कपड्यांत डोहात उतरलेल्यांना गावकरी टोकतात, आणि ते बरोबर आहे.

पायात: मागे पट्टा असलेले, ओल्या दगडावर पकड घेणारे सँडल किंवा जुने बूट. रबरी चपला नकोत. वादी शाबचे दगड हजारो पावलांनी घासून गुळगुळीत झालेत. चपला घालून गेलेला आमचा एक पाहुणा पहिल्याच उतारावर मनगटावर पडला आणि बाकीचा दिवस सूरच्या दवाखान्यात गेला.

खाणं: मांसाहारींना वाटेत अडचण नाही. शाकाहारींनी दशम्या, दाण्याची चटणी आणि कोरडा चिवडा घरूनच घ्यावा. रस्त्याकडेच्या छोट्या ‘कॉफी शॉप’मध्ये, जी बहुतेक केरळी मंडळी चालवतात, पराठा आणि कडक चहा हमखास मिळतो. त्या चहाला इथे ‘करक’ म्हणतात. डाळ-भाजी सूरमध्येच नीट मिळेल.

तपासा: फोन पूर्ण चार्ज, नकाशा ऑफलाइन उतरवलेला, आणीबाणीचा नंबर ९९९९ सेव्ह केलेला. वादीत आणि वाळूत बऱ्याच ठिकाणी रेंज नसते.

## ५. पहाटे साडेपाच ते दुपारी बारा: आधी पाणी

साडेपाच म्हणजे साडेपाच. ओमानचं घड्याळ भारतापेक्षा दीड तास मागे आहे. नुकत्याच आलेल्या पाहुण्यांच्या शरीरासाठी ते सकाळचे सातच असतात, म्हणून ही सहल मुक्कामाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी ठेवली तर उठणं सोपं जातं.

गाडी सुटायच्या आधी गाईडला क्रम पुन्हा सांगा: किनारा आधी, वाळू शेवटी. बरेच गाईड उलटे जातात, कारण मग दिवसाच्या शेवटी ते सपाट किनारी रस्त्यावर असतात. तुमच्या वाट्याला मात्र वाळू भर उन्हात येते आणि समुद्र अंधारात.

सातच्या सुमारास बिम्मा. चुनखडीचं छत कोसळून झालेला हा गोल खड्डा, तळाशी निळं-हिरवं पाणी. तारा पडून झाला असं गावात सांगतात, म्हणून भोवतीच्या बागेचं नाव हवियत नजम, ताऱ्याचं विवर. पायऱ्या उतरून पाय पाण्यात सोडले की बारीक मासे बोटांना टोचायला येतात. सात वाजता तिथे तुम्हीच असता, नऊनंतर बसगाड्या येतात. पाऊण तास पुरे. इथलं स्वच्छतागृह वापरून घ्या.

आठ-सव्वाआठला वादी शाब (तुम्ही ती निवडली असेल तर). होडीचा रियाल देताना परतीची शेवटची होडी कधी ते विचारा. आत जाताना तुमच्या गटाची वळायची वेळ ठरवा आणि घड्याळात गजर लावा: पावणेदहा. तेव्हा जिथे असाल तिथून परत. सव्वाअकराला गाडीपाशी यायलाच हवं, नाहीतर वाळवंटातला सूर्यास्त गेला समजा.

पलीकडे स्वच्छतागृह नाही. होडीत बसण्यापूर्वीच जाऊन या.

डोहांत पोहण्याआधी लाइफ जॅकेट मागून घ्या. पाण्याला ओढ नसली तरी खोली अचानक वाढते, आणि दमलेल्या माणसाला धरायला काठ नसतो. फटीतून गुहेत जाताना एकेकानेच जा. आतला बाहेर आला की मगच पुढचा.

सावधान, आणि हे दोनदा वाचा: वादी म्हणजे शेवटी पावसाळी नदीचं पात्र. तुमच्या डोक्यावर निळं आकाश असताना मागच्या डोंगरात पाऊस पडलेला असू शकतो आणि लोंढा काही मिनिटांत येतो. स्वच्छ पाणी गढूळ होऊ लागलं, काटक्या वाहत आल्या किंवा वरून घरघर ऐकू आली तर सामान सोडा आणि आडवे उंच दगडांकडे चढा. पात्राच्या दिशेने, होडीकडे पळू नका. रस्त्यावरून वादीचं पाणी वाहत असेल तर गाईडला गाडी घालू देऊ नका. ओमानमध्ये तो गुन्हा आहे, आणि तसं करताना माणसं दगावली आहेत.

वादी शाब वगळली असेल तर बिम्माहून थेट सूर, तिथे नऊ ते साडेदहा, आणि पावणेबाराला वादी बनी खालिद. तिथेच जेवण, दोनपर्यंत मुक्काम.

## ६. सूर: जेवण आणि एकच जागा

सूरमध्ये लोक बाजार, किल्ला, दीपस्तंभ, पूल सगळं बघू जातात. एक निवडा: लाकडी जहाजांचा कारखाना. इथली मोठी गलबतं मलबारच्या सागवानाची होत. आजही वर्कशॉपमध्ये अर्धवट बांधलेला सांगाडा, जमिनीवर भुशाचा थर आणि छिद्रं पाडणारे कारागीर दिसतात. कोकणात होड्या बांधताना पाहिलेल्यांना तिथून निघावंसं वाटत नाही. माझे वडील एका फळीवर हात ठेवून बराच वेळ नुसते उभे होते.

कारागिरांचा फोटो विचारून काढा. बायकांचा विचारूनही शक्यतो नको.

जेवण हलकं. भात थोडा, तळलेलं नको, लस्सी नको. तीन तासांनी तुम्ही वाळूच्या टेकड्यांवर हेलकावे खाणार आहात. दीडला निघा.

## ७. बिदिया आणि वाळू

साडेतीनच्या आत बिदियाला पोचायचं. गाडी लागून उलटी होणाऱ्यांनी नेहमीची गोळी वाळूत शिरण्याच्या अर्धा तास आधी घ्यावी. वाळूत शिरल्यावर घेऊन उपयोग नाही.

डांबरी रस्ता संपतो तिथे गाईड उतरून चारही चाकांतली हवा काढेल. एरवी ३५ च्या आसपास असलेला दाब १५-१८ पीएसआयवर येतो. टायर पसरतो, वाळूवर त्याचा तळवा मोठा होतो आणि गाडी रुतत नाही. जवळ उभं राहून बघा. व्हॉल्व्हमधून फुसफुस हवा सुटते, टायर कडेने फुगीर होतो आणि मुलांना एका नजरेत कळतं की उंटाचा पाय पसरट का असतो.

तपासा: हवा न काढता गाईड वाळूत शिरत असेल तर थांबवा. दुसरी गाडी किंवा किमान फावडं आणि ओढायचा पट्टा आहे ना, विचारा. सगळ्यांचे पट्टे लागले आहेत ना, बघा, मागच्यांचेसुद्धा.

टेकड्यांवरून गाडी उडवणं प्रत्येकासाठी नाही. गरोदर बाई, पाठीचा किंवा मानेचा त्रास असलेले, नुकतं ऑपरेशन झालेले आणि लहान मुलं यांना त्यातून वगळा. गाईडला ‘हळू, सरळ कड्यावर ने’ एवढं सांगितलं की तो तसंच नेतो. न सांगता सहन करणारे आपलेच लोक असतात. इथे लाजू नका.

पाचच्या आत एखाद्या उंच टेकडीवर पोचून गाडी बंद करायला सांगा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सूर्य साडेपाचच्या आतच बुडतो, फेब्रुवारीत सहाच्या आसपास. अनवाणी चढा, कड्यावरून चढा, उतारावरून नको. उतारावर एक पाऊल पुढे आणि अर्धं मागे असं होतं आणि दम तिथेच संपतो. कॅमेरा आणि फोन पिशवीतच ठेवा, वाळूचे कण आत शिरले की निघत नाहीत.

वाटेत बदू (वाळवंटातल्या मूळच्या भटक्या जमातीच्या) कुटुंबाच्या घरी थांबा असेल तर चपला बाहेर काढून आत जायचं, पाय पसरून यजमानाकडे तळवे करायचे नाहीत. खजूर आणि काहवा, म्हणजे अरबी कॉफी, येईल. बिनकानाचा छोटा फिंजान, त्यात तळाशी दोन घोट, वेलदोड्याचा वास. उजव्या हातानेच घ्या. संपला की यजमान पुन्हा भरतो आणि भरतच राहतो. पुरे झालं हे सांगायची पद्धत म्हणजे रिकामा फिंजान परत देताना मनगटातून दोन-तीनदा हलवायचा. नुसतं ‘नको, नको’ म्हटलं तर तो आपला संकोच समजून आणखी वाढतो. तिथल्या बायका विणलेल्या वस्तू मांडून ठेवतात. घ्यायचं नसेल तर पाहून, छान आहे म्हणून उठा. काहव्याचे पैसे वेगळे द्यायचे का, हे गाईडला आत जाण्यापूर्वीच विचारून ठेवा.

## ८. परतीचा रस्ता

सूर्यास्तानंतर रेंगाळू नका. डांबरी रस्त्याला लागताच टायरमध्ये पुन्हा हवा भरून घ्या, त्यात पंधरा-वीस मिनिटं जातात. कमी हवेवर महामार्गावर धावलेलं टायर तापतं आणि फाटतं. गाईडला घरची घाई असते, त्यामुळे तुम्ही स्वतः खाली उतरून चारही टायर बघा.

बिदिया ते मस्कत अडीच तास. इब्रा, मग बिदबिद, मग शहराचे दिवे. दुभाजक असलेला चांगला रस्ता आहे, पण अंधारात शेळ्या आणि उंट आडवे येतात. पहाटे साडेपाचपासून चालवणारा गाईड पेंगतोय असं वाटलं तर इब्राला चहासाठी थांबायला लावा. एक जण पुढच्या सीटवर जागा राहून त्याच्याशी बोलत राहिला तर उत्तम. टिप द्यायची ती दारात उतरल्यावर, त्याच्याच हातात.

परतीचं विमान त्याच रात्री ठेवू नका. नऊ वाजतात, एखादं चाक पंक्चर झालं तर अकरा. दुसऱ्या दिवशीही पहाटेची कसली वेळ घेऊ नका. मस्कतमधली सुलतान काबूस मशीद या फेरीत ‘जाता जाता’ कोंबणाऱ्या गाईडला नकार द्या, कारण मुस्लिमेतरांसाठी ती शनिवार ते गुरुवार सकाळी ८ ते ११ याच वेळात उघडी असते. तिथे आठला सुरुवात केलीत तर वर दिलेलं सगळं वेळापत्रक कोलमडतं. ती दुसऱ्या दिवशी सावकाश नऊ वाजता बघा. बायकांना डोकं, हात आणि घोट्यापर्यंत पाय झाकावे लागतात. ओढणी रात्रीच पिशवीतून बाहेर काढून झटका, तिच्यात वाळू असणारच.